बट्टा वेगळा

पैशालासुद्धा प्रवासाचे तिकीट लागते, असे मनापासून मानणारा मनुष्य मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला, आणि योग असा की त्याच्याच माडीवर मी कित्येक वर्षे भाडेकरू म्हणून राहिलो. मी गोंदियाच्या महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवीत असे. माझे घरमालक रेल्वेतून निवृत्त झालेले गार्ड होते. त्यांची सारी नोकरी छोट्या लाइनवर, म्हणजे अरुंद रुळांच्या त्या जुन्या गाडीच्या अगदी शेवटच्या डब्यात गेली होती. पुढे छोटी लाइन उखडली गेली आणि मोठी आली. पण घरमालक मात्र त्या शेवटच्या डब्यातून कधी खाली उतरलेच नाहीत. ऑटोरिक्षात ते मागे तोंड करून बसत. "पुढं पाहाले डायवर हाये ना, सरजी," ते मला समजावीत, "मागं कोनी पाहाचं?" जेवायला ते सर्वांच्या नंतर बसत, वरातीत सर्वांच्या मागे चालत, आणि घरातले प्रत्येक माणूस आत आले याची खात्री पटल्याखेरीज दाराला कडी लावीत नसत. मालकीणबाईंचे म्हणणे असे, की लग्नात फेरे घेतानाही हा माणूस अडूनच बसला होता. "भटजी म्हणे नवरदेव पुढं, हे म्हणे मी मागं. तवाच समजली मी का या माणसाचं इंजिन मलेच व्हा लागते." बिरसीच्या धावपट्टीवरून शिकाऊ वैमानिकांची विमाने आमच्या गच्चीवरून घरघरत जात, तेव्हा घरमालक मान वर करून त्यांच्या शेपटीकडे अत्यंत अविश्वासाने पाहत. ज्या वाहनाच्या मागे गार्ड नाही, ते वाहन शेवटी कुठे पोहोचले याची साक्ष कोण देणार, हा त्यांचा प्रश्न मला कधीही सोडवता आला नाही.

हा काटेकोरपणा त्यांना वारशाने मिळाला होता. त्यांचे वडील याच छोट्या लाइनवर रूळ बदलून देणारे सांधेवाले होते, आणि त्यांच्याविषयीची एक गोष्ट घरात वारंवार सांगितली जाई. त्या गृहस्थांनी आयुष्यात लाल निशाण ओलांडले नाही. इतके, की बायको लाल लुगडे नेसून दारात उभी असली तर ते अंगणातच थांबत आणि ती बाजूला झाल्यावर, आधी डावीकडे, मग उजवीकडे पाहून, मगच एक पाऊल आत टाकत. मालकीणबाई सून म्हणून या घरात आल्या तेव्हा सासूने त्यांना पहिली सूचना कोणती दिली असेल, तर लाल पातळे माहेरीच ठेव ही.

निवृत्तीनंतर घरमालकांनी जुन्या रेल्वेबत्त्या विकण्याचा उद्योग आरंभला. कबाड्यांच्या ढिगांतून ते गार्डच्या हातबत्त्या शोधून आणीत. आत वात, बाहेर पत्र्याची टोपी, आणि मूठ फिरवली की लाल, हिरवी किंवा पांढरी काच ज्योतीसमोर यावी अशी त्यांची रचना. चिंचेने घासून, वात बदलून, ते त्या बत्त्या संगणकावरच्या एका लिलावाच्या संकेतस्थळावर मांडीत. घरचा संगणक हिरव्या निशाणाच्या कापडाने झाकलेला असे आणि तो चालू करण्यापूर्वी घरमालक शिट्टी वाजवीत. दूरदूरची माणसे त्या बत्त्यांवर बोली लावीत, ही गोष्ट मला आजही स्वप्नवत वाटते. मात्र प्रत्येक जाहिरातीच्या शेवटी दोन शब्द न चुकता असत: "बट्टा वेगळा."

हा बट्टा म्हणजे काय, ते सांगितले पाहिजे. ग्राहकाने कार्डाने पैसे भरले की ते पोहोचवण्याच्या खटाटोपाबद्दल त्यातला एक लहानसा तुकडा मधल्यामध्ये कापून घेतला जाई. इतर विक्रेते तो मुकाट सोसत किंवा किमतीत मिसळून टाकत. घरमालकांना दोन्ही मार्ग अधर्माचे वाटत. "पैसा तुमचा, निंगाला तुमच्या घरून, बसला गाडीत," ते फोनवर ग्राहकांना ओरडून सांगत. ओरडून अशासाठी, की फोनच्या दुसऱ्या टोकाला नेहमी इंजिन असते असा त्यांचा समज होता. "आता त्याचं तिकीट मी काऊन काढू?" नाणी बदलून देताना सराफ पूर्वी जी कसर कापून घेत, तिला बाजारात बट्टा म्हणत, तोच आपल्या आजोबांच्या तोंडचा शब्द घरमालकांनी वापरात आणला होता. ग्राहक कुरकुरत, पण देत. कारण बत्ती उत्तम असे, बांधणी त्याहून उत्तम असे, आणि संकेतस्थळावर घरमालकांच्या नावापुढे ग्राहकांच्या समाधानाचा आकडा झळकत असे: शंभर टक्के. नोकरीत मिळालेल्या कोणत्याही पदकापेक्षा त्या आकड्याचा त्यांना अधिक अभिमान होता. येणाऱ्याजाणाऱ्याला ते आधी पाणी देत आणि मग तो आकडा दाखवीत.

आणखी एक प्रघात त्यांनी पाडला होता. जी बत्ती दुसऱ्या दिवशी रवाना व्हायची, ती आदल्या संध्याकाळी दिवेलागणीला ओसरीत पेटवून, हिरवी काच रस्त्याकडे करून ठेवायची आणि आपण तिच्या मागे ताठ उभे राहायचे. "लाइन क्लियर दिल्याबिगर गाडी सुटत नाही, सरजी." समोर रस्ता रिकामा असे. पण कधी कधी मी जिन्यावरून पाहत असे, तेव्हा वारा पडलेला असूनही ती ज्योत हळूहळू एका बाजूला कलत जाई, एखादी लांबलचक गाडी शेजारून जात असावी तशी बराच वेळ कललेलीच राही, आणि मग सरळ होई. फळीवरच्या न पेटवलेल्या बत्त्यांच्या काचा त्या वेळी बारीक किणकिणत. मोठी लाइन तिथून पुष्कळ दूर होती. कार्यकारणभाव विद्यार्थ्यांना शिकवणारा मी, अशा वेळी शांतपणे माडीवर जाऊन दार लावून घेत असे.

या सुरळीत व्यवहाराला पहिला धक्का दिला तो रायपूरच्या एका सेठजींनी. त्यांचा फोन आला तेव्हा मी खाली भाडे देण्यासाठी बसलो होतो.

"भाईसाब, लैंप तो मिल गया, बढ़िया है. बट्टा किधर है?"

"बट्टा तो आपनेच दिया ना!" घरमालक गरजले.

"पैसा दिया, तभी तो पूछ रहे हैं. घर में सिल पड़ी है, बट्टा टूट गया है. बट्टे के वास्ते ही तो बोली लगाए थे!"

सेठजींनी बट्टा म्हणजे पाट्यावर वाटायचा वरवंटा समजून पैसे भरले होते. हिंदीत त्याला तोच शब्द आहे. अर्धा तास झुंज चालली. अखेर सेठजींनी वाईट शेरा देण्याची धमकी दिली, आणि शंभर टक्क्यांचा धनी पांढरा पडला. तेव्हा मालकीणबाई तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या, "पाठवून द्या ना येक गोटा! नदीत का गोट्याइचा दुष्काळ पडला हाये?"

घरमालक वैनगंगेच्या घाटावर गेले, तळहातात मावेल असा एक गुळगुळीत, लांबट दगड घेऊन आले, आणि तो रायपूरला रवाना झाला. सेठजी संतुष्ट झाले. प्रकरण इथेच मिटले असते. पण त्याच सुमारास संकेतस्थळाकडून घरमालकांना ताकीद आली, की पैसे पोहोचवण्याचा खर्च विक्रेत्याने ग्राहकावर निराळा लावू नये, अन्यथा त्याचे दुकान बंद करण्यात येईल. घरमालक दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी ते शिट्टी वाजवीत माडीवर आले. यापुढे ते खर्च म्हणून काहीच घेणार नव्हते. प्रत्येक बत्तीसोबत ते एक बट्टा विकणार होते, खराखुरा, दगडाचा. आणि त्याची किंमत योगायोगाने तेवढीच असणार होती. "आता सांगा सरजी, तुमच्या शास्त्रात याले काही तोड हाये का?" मी खूप विचार केला. तोड नव्हती.

तेव्हापासून दर आठवड्याला घरमालक आपली गार्डची जुनी लोखंडी पेटी घेऊन नदीवर जात आणि ती भरून आणीत. दगड ओसरीत ओळीने मांडले जात. सगळे एकाच घडणीचे, कुणीतरी आधीच निवडून ठेवल्यासारखे. आणि विशेष म्हणजे उन्हात ठेवले तरी ते लवकर तापत नसत.

मग अभिप्राय येऊ लागले. घरमालक ते मला मोठ्या आवाजात वाचून दाखवीत. नाशिकच्या एका गृहस्थांनी लिहिले होते: बत्ती छान, बांधणी उत्तम, मात्र दगड आल्यापासून दुपारच्या वेळी खिडकीत कावळे येऊन बसतात. इंदूरच्या बाईंनी लिहिले: दिवा सुंदर, कावळे फार. "पाहा," घरमालक हरखून म्हणाले, "मालासंगं पाखरं फ्री!" खुद्द रायपूरच्या सेठजींचा पुन्हा फोन आला. त्यांची तक्रार नव्हती, नुसते कुतूहल होते: या बट्ट्याने काहीही वाटा, लसूण वाटा, मिरची वाटा, चटणीला वास तिळाचाच येतो, असे का?

कावळे आणि तीळ या दोन गोष्टी ज्या एका स्थळी एकत्र येतात ते स्थळ मला ठाऊक होते. मी भिडस्त मनुष्य; आजवर घरमालकांकडे मी साधी नळाच्या गळतीची तक्रारही केली नव्हती. परंतु त्या आठवड्यात मी म्हणालो, "नदीवर मीही येऊ का?"

भर दुपारची वेळ होती. उन्हाळ्याने वैनगंगा आटून पलीकडच्या काठाला लागली होती, आणि एरवी पाण्याखाली असणारा घाटाजवळचा तळ उघडा पडला होता. वर पायऱ्यांवर नुकतेच क्षौर केलेली चारदोन माणसे डोकी पुसत होती. वाळूवर कावळे होते. ते उडत नव्हते, ओरडतही नव्हते. आमच्या हातांकडे पाहत होते. घरमालक वाकून, चोखंदळपणे, तेच लांबट गुळगुळीत दगड उचलून पेटीत टाकू लागले. त्यांतल्या एकाला दर्भाची काडी अजून गुंडाळलेली होती.

"हे दगड इथे कसे आले," मी शक्य तितक्या सौम्यपणे विचारले, "हे आपण कधी कुणाला विचारलेत का?"

"गोटे कोनी आनते का, सरजी? नदीच आनते."

"हे माणसांनी आणलेले आहेत." मग मला सांगावेच लागले. मनुष्य गेला की दहनाच्या वेळी एक दगड निवडतात, त्याला जीवखडा म्हणतात. दहा दिवस गेलेल्या माणसाच्या जागी तोच असतो, त्यालाच तीळ आणि पाणी देतात, आणि दहाव्याला कावळा पिंडाला शिवला की त्याला नदीत सोडतात.

घरमालकांच्या हातातला दगड तसाच राहिला. मग त्यांनी तो पेटीत न टाकता छातीशी धरला आणि ते पेटीवर बसले. एवढ्या वयाच्या माणसाला हे ठाऊक नसावे याचे मला नवल वाटत होते; त्यांनी आपणहून कारण सांगितले. "मी कोन्याच्याच दहाव्याले नव्हतो, सरजी. दरवेळी गाडीवर. बाबाच्या दहाव्यालेही गाडीवर होतो. याच घाटावर भाऊनं केलं." बराच वेळ ते वाहत्या पाण्याकडे, म्हणजे पाणी जिकडून आले तिकडे, पाहत राहिले. मग त्यांचा आवाज अगदीच खाली आला. "म्हनजे हे पॅसेंजर होते. उतरून आपल्या घरी पोचले होते बिचारे. मी त्याइले उचलून पुन्हा गाडीत बसवलं."

पेटीतला एकेक दगड त्यांनी दोन्ही हातांनी पाण्यात सोडला. आम्ही वळलो तेव्हा वाळूवर एकही कावळा नव्हता.

त्या दिवसापासून घरमालकांनी बत्त्या विकणे थांबवले आणि गेलेले दगड परत बोलावण्याचे काम हाती घेतले. ते प्रत्येक ग्राहकाला फोन करीत: बत्ती ठेवा, बट्ट्याचे पैसे घ्या, परतीचा खर्च घ्या, फक्त गोटा पाठवा. आपल्या समाजात वस्तू परत मागणाऱ्या विक्रेत्याइतका संशयास्पद प्राणी दुसरा नसावा. लोकांना वाटले, दगडात सोने निघाले. कुणी शिव्या दिल्या, कुणी दुप्पट किंमत मागितली, आणि बहुतेकांनी दगड पाठवता पाठवता शेरा मारला: विक्रेता वेडा आहे. शंभर टक्क्यांचा आकडा आमच्या डोळ्यांदेखत घसरू लागला.

"साऱ्या हिंदुस्थानात नाव बुडवून राहिले तुमी," मालकीणबाई कळवळून म्हणाल्या. "नावाले बट्टा लागून राहिला!"

"लागू दे," घरमालक म्हणाले. "मी लोकाइले लावला, आता मले लागला. पन गाडी पुरी पोचली पायजे."

टपालाने दगड येत गेले. आलेला प्रत्येक दगड घेऊन घरमालक घाटावर जात आणि भर उन्हात हिरवी बत्ती दाखवून त्याला पाण्यात सोडीत. घाटावरच्या लोकांनाही त्याची सवय झाली. अखेर सगळे आले, एक राहिला. तो कोकणात, खाडीकाठच्या एका गावी, एका निवृत्त शिक्षिकाबाईंकडे होता, आणि त्या तो द्यायला तयार नव्हत्या. त्या एका दगडासाठी घरमालक झुरू लागले. दाराला कडी लावायची वेळ झाली की ते उंबऱ्यात थबकत. "एक जन बाहीर हाये," एवढेच म्हणत, आणि दार उघडेच ठेवून ओसरीत आडवे होत.

शेवटी एका संध्याकाळी त्यांनी बाईंना पुन्हा फोन लावला. फोनचा आवाज नेहमीप्रमाणे साऱ्या घराला ऐकू जाईल इतका मोठा होता. मालकीणबाई चुलीपाशी होत्या, मी जिन्यावर.

"बाई, तो कोन्या परक्याचा जीव हाये," घरमालक अजिजीने म्हणाले.

"परक्याचा असू दे," बाई शांतपणे म्हणाल्या. "माझ्या माणसाचा मला मिळालाच नाही. लाँच बुडाली, माणूस हाती लागला नाही. कुणाच्या नावाने दगड उचलायचा? इतकी वर्षे माझ्या अंगणाच्या गडग्यावर कावळा म्हणून बसला नव्हता. तुमचा दगड आला आणि बसू लागला. मी रोज त्याला घास ठेवते. आता कशी देऊ?"

मग बाईच पुढे म्हणाल्या, "एक विचारू का? तुमच्या त्या दिव्याचं आणि या कावळ्याचं काय आहे? दिवा पडवीत टांगलेला असतो. लाल काच पुढे असली की तो गडग्यावरच थांबतो. कितीही बोलावलं तरी येत नाही. हिरवी केली की येतो."

घरमालक हळूहळू उभे राहिले. "लाल असली तं किती वेळ थांबते?"

"काच फिरवीपर्यंत. एकदा मी विसरले, तर सकाळचा दिवेलागणीपर्यंत तिथेच उभा."

"अन् हिरवी झाल्यावर? कसा येते?"

"गंमत आहे त्याची. आधी डावीकडे बघतो. मग उजवीकडे. आणि मगच एक पाऊल आत टाकतो."

मी चुलीकडे पाहिले. मालकीणबाई मागे सरकून भिंतीशी उभ्या होत्या, मान खाली होती, आणि मोठ्या माणसासमोर घ्यावा तसा त्यांनी डोक्यावर पदर घेतला होता.

"बाई," घरमालक म्हणाले, आणि या खेपेस ते ओरडले नाहीत, "ठेवा तुमच्याचपाशी. पन लाल लावून इसरू नका. उभ्यानं पाय दुखत त्याचे."

त्या दिवशी त्यांनी दाराला कडी लावली.

पुढे दर पितृपक्षात घरमालक बाईंना पितरांच्या पानाच्या खर्चासाठी थोडे पैसे संगणकावरून पाठवीत. पैसे पोहोचवण्याची कसर त्यातून कापली जाई, म्हणून ते तेवढी रक्कम आधीच वर घालीत. बाईंना ते पटत नसे. त्या म्हणत, अहो, मला चार पैसे कमी आले तर काय बिघडते? त्यावर घरमालकांचे उत्तर ठरलेले असे: "नाही बाई. बट्टा माहा. बाबाचं तिकीट मीच काढीन." आयुष्यभर ज्याने एका पैचे तिकीट दुसऱ्यासाठी काढले नाही, तो हे वाक्य इतक्या समाधानाने उच्चारी, की शंभर टक्क्यांचा आकडा गेल्याची हळहळ मला पुन्हा त्यांच्या चेहऱ्यावर कधी दिसली नाही.

आता घरमालक नाहीत. नव्या रुळांवरून नव्या गाड्या धावतात आणि त्यांच्या शेवटच्या डब्याकडे मी अजूनही उगाच पाहतो. दहाव्याला मी घाटावर होतो; त्याआधी, दहनाच्या वेळी दगड निवडताना मालकीणबाईंनी मला बजावले होते, "पाहून घ्या सर, कोनाचा आधीचा नको." बाईंना पैसे पाठवण्याचे काम आता मी करतो, बट्ट्यासकट. मागच्या पितृपक्षात त्यांचा फोन आला. त्यांना माझ्या घरमालकांच्या बसण्याउठण्याच्या सवयी ठाऊक असण्याचे काहीच कारण नव्हते, म्हणूनच त्यांचे शब्द मी इथे जसेच्या तसे देतो. "यंदा दोन आले होते," त्या म्हणाल्या. "आपला नेहमीचा हिरव्यावर आत आला. दुसरा मात्र गडग्यावर बसून राहिला, आमच्याकडे पाठ करून, आल्या वाटेकडे बघत. पहिला नीट जेवला, उडाला, आणि मगच तो आला."

फोन ठेवून मी ओसरीत गेलो. मालकीणबाईंनी मला दिलेली एक बत्ती तिथे आहे. दिवेलागण झाली होती. मी ती पेटवली आणि मूठ फिरवून हिरवी काच रस्त्याकडे केली. वारा नव्हता. ज्योत जरा कलली, तशीच राहिली, आणि मी या खेपेस माडीवर गेलो नाही; शेवटचा डबा पुढे जाईपर्यंत तिच्यामागे उभा राहिलो.